दुर्गाच्या बुटाची धार

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, नवऱ्याला नाही, आणि जिला सर्वांत आधी सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. सांगण्यासारखे प्रसंग आले नाहीत असं नाही — पुष्कळ आले. दर वेळी मी चहा टाकायला उठले, नाहीतर विषय बदलला. मी बोलकी बाई आहे. शाळेतल्या मुली मागून मला ‘रेडिओ मॅडम’ म्हणतात, ते मला ठाऊक आहे. पण एवढ्या एका बाबतीत रेडिओ बंद राहिला. आता तो बंद ठेवायचा नाही असं ठरवलं आहे, आणि तुम्ही समोर बसलाच आहात, तर आधी तुम्हाला सांगते.

आमच्या खामगावात बर्फ दिसतो तो उसाच्या रसाच्या गाडीवर, गोणपाटात गुंडाळलेला, नाहीतर लग्नाच्या मांडवात पाण्याच्या ड्रममध्ये. अशा गावच्या कॉलेजात मुलींचा आइस हॉकीचा संघ होता, हे ऐकून लोक हसतात. हसू द्या. सरांनी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा आम्हीसुद्धा हसलो होतो. सर म्हणजे आमच्या कॉलेजचे खेळाचे शिक्षक. त्यांचं गणित सरळ होतं. कबड्डीत, खो-खोत, धावण्यात मुलींची ही रांग. तिथे राज्यापर्यंत पोचायला जन्म जातो. जो खेळ कोणी खेळतच नाही त्यात शिरा — वासरात लंगडी गाय शहाणी. वरचं प्रमाणपत्र मिळालं की खेळाडूंच्या राखीव जागेतून नोकरी. आमच्याकडे बऱ्याच मुली खेळायला लागतात त्या अशाच, आणि त्यात मला आजही काही वावगं वाटत नाही. बाबा कचेरीत कारकून, आम्ही तिघी बहिणी. नोकरीचं नाव काढलं की घरात खेळालाही परवानगी मिळायची.

बर्फ नाही, म्हणून चाकं. खामगावात जिनिंगा आहेत, कापसातून सरकी काढायचे कारखाने, आणि जिनिंगमध्ये कापूस उतरवायला सिमेंटचं मोठं पटांगण असतं, घोटून गुळगुळीत केलेलं. हंगाम नसला की ते रिकामं पडून राहतं. सरांनी एका जिनवाल्या शेठजींना गळ घातली आणि ते पटांगण आम्हाला मिळालं. चाकांचे बूट घालून आम्ही तिथे हॉकी खेळायचो. बर्फावरच्या हॉकीत चेंडू नसतो, रबराची चपटी चकती असते. ती आम्ही पंक्चरवाल्याकडून ट्रकच्या जुन्या टायरमधून कापून आणलेली. गोल राखायला शबाना, पायाला क्रिकेटचे पॅड, छातीवर भावाचं मोटारसायकलचं जाकीट. दसऱ्यानंतर कापसाच्या गाड्या यायला लागल्या की पटांगण आमच्या हातून जायचं. मग हमाल जेवायला बसले की तेवढ्या वेळात आम्ही ढिगांच्या कडेकडेने सराव उरकायचो, आणि केसांत कापूस घेऊन वर्गात जायचो.

त्या पटांगणावर दुर्गा होती. दुर्गा जलंबची. घरचा भाजीपाल्याचा मळा. पहाटे वांगी-भेंडी तोडून टोपल्या भरायच्या आणि मग जलंबहून खामगावला येणाऱ्या छोट्या गाडीने कॉलेज गाठायचं, हा तिचा रोजचा क्रम. तिच्यासारखी चाकांवर चालणारी मुलगी मी नंतर पाहिली नाही — आणि आता माझं पोटच त्या धंद्यावर आहे. आम्ही थांबायचो ते भिंतीला हात लावून. दुर्गा थांबायची ती जागच्या जागी अर्धी गिरकी घेऊन, आणि थांबता थांबता चकती दुसरीच्या काठीकडे ढकललेली असायची. कॅप्टन मी होते. कारण मला बोलता यायचं, पाहुणे आले की आभार मानता यायचे. खेळ तिचा होता. हे मला तेव्हाही कळत होतं. कळत होतं म्हणूनच — असो, क्रमाने सांगते.

तिच्या वडिलांनी तिला एका वर्षाची मुभा दिली होती. बर्फावर काही करून दाखवलं तर पुढे शिक, खेळ. नाहीतर स्थळं बघायला सुरुवात. हे तिने मला फलाटावर गाडीची वाट बघताना हसत हसत सांगितलं होतं, भेळ खाता खाता. तेव्हा मला ठाऊक नव्हतं, असं म्हणायची सोय माझ्याकडे नाही.

त्या हिवाळ्यात हिमाचलात, वर डोंगरात, मुलींचे सामने ठरले. सरांच्या ओळखीतल्या एका फौजी माणसाने बर्फावरचे जुने बूट पाठवले. लोखंडी पेटीभर काळे बूट, खाली चाकांच्या जागी लांब पातं, आणि पात्यांवर गंज. सरांनी बजावून ठेवलं, की पात्यांना कोणी हात लावायचा नाही. तिकडे धार लावायचं मशीन असतं, ते लोक लावून देतात. पेटी माझ्या घरी आली. कॅप्टन ना मी.

अति शहाणा त्याचा बैल रिकामा. गंजलेलं पातं बघून मला चैन पडेना. आमच्या गल्लीत धारवाला यायचा, सायकल स्टँडवर चढवून पायडल मारत दगडी चाक फिरवणारा. मी माझ्या मापाचा एक जोड काढला आणि त्याच्यापुढे ठेवला. त्याने उलटसुलट बघितलं.

“हे काय हाय वं बाई? असं पातं म्या कधी पायलं नाई.”

“बर्फ कापाचा हाय, काका. इळ्यावानी धार लावा.”

त्याने सांगितलं तसं केलं. दोन्ही पाती आतल्या अंगाने घासून, विळ्यासारखी एका बाजूला निमुळती, लखलखीत करून दिली. त्या माणसाचा काही दोष नाही, धार कशी हवी ते मीच सांगितलं होतं. मी अंगठा फिरवून पाहिला आणि खूश झाले. बाकीचे जोड काढेपर्यंत तो पुढच्या गल्लीत गेला होता, म्हणून ते वाचले.

इथवर झालं ते अज्ञान. त्यासाठी मी तुम्हाला बसवून घेतलं नसतं. सर रागावले असते, मी दोन दिवस तोंड पाडून हिंडले असते, आणि आज तो किस्सा म्हणून हसत सांगितला असता. मला सांगायचं आहे ते याच्या पुढचं.

मलकापूर, भुसावळ, दिल्ली, मग रात्रभर बस — असं करत आम्ही वर पोचलो. शेताएवढ्या मैदानात पाणी सोडून गोठवलेलं, भोवती लाकडी फळ्या. पहिल्या दिवशी आम्ही सगळ्याच आडव्या. शबाना तर गोलात उभी राहायच्या आधीच बसली. मी जरा जास्तच पडत होते, पण सगळीच पंगत पडत असताना कोण कोणाला मोजणार? दुपारी सर म्हणाले, बुटांना धार नाही म्हणून असं होतंय, सगळे जोड पोत्यात भर आणि त्या शेडमध्ये घेऊन जा. मी पोतं पाठीवर घेऊन गेले.

शेडमधला माणूस एकेक बूट उचलायचा, एक डोळा मिटून पात्याकडे बघायचा आणि मशीनवर धरायचा. माझ्याआधी एका दुसऱ्या संघाची मुलगी होती. तिच्या पात्याला मोठी खाच पडली होती. ते त्याने घासून सरळ केलं, आणि करता करता तिला समजावलं, की बर्फावरच्या पात्याला एक धार नसते, दोन असतात, दोन्ही कडांना एकेक आणि मध्ये बारीकशी पन्हळ. आतल्या कडेवर जोर देऊन पुढे जायचं, त्याच कडेवर थांबायचं. आतली कड नसेल तर पाय बाहेर सटकणारच, मग खेळणारी कितीही चांगली असो.

मी पोत्यात हात घातला. माझ्या जोडाची आतली कड चाचपली. ती नव्हतीच. विळा होता तो.

तेव्हा बोलले असते तर काय झालं असतं? माणूस हसला असता. सरांनी चारचौघींत झापलं असतं. पातं पुन्हा घासून दोन कडा निघाल्या असत्या; त्या खाचेवाल्या बुटाला लागला त्यापेक्षा जास्त वेळ लागला नसता. एक चहा होईपर्यंतचं काम. पण मला सरांचा चेहरा दिसला. ‘बजावलं होतं ना’ म्हणणारा. आणि कॅप्टनची पट्टी काढून दुर्गाच्या दंडाला बांधणारा. ही दुसरी गोष्ट कोणी बोललंही नव्हतं, माझ्याच मनाने काढली. मी तो जोड पोत्याच्या तळाशी सारला, बाकीचे सगळे धार लावून घेतले, आणि वर तेही भरून परत निघाले.

आता पुढचं. इथे विषय बदलावासा वाटतो, पण बदलायचा नाही.

बूट वाटायचं काम माझं होतं. कोणता जोड कोणाचा, हे तोवर ठरलेलं नव्हतं. जिला जो बसेल तो. माझ्या मापाचे जोड दोनच, आणि दुर्गाचा पाय माझ्याच मापाचा. दोन्ही जोड काळे, दोन्ही जुने, वरून बघणाऱ्याला सारखे. दुर्गा हात पुढे करून उभी होती. माझ्या उजव्या हातात मशीनची धार लावलेला जोड होता आणि डाव्या हातात तो. मी डावा हात पुढे केला.

भीती होती की हेवा होता? हा प्रश्न मी स्वतःला इतक्यांदा विचारला आहे, की आता उत्तर ऐकायचाही कंटाळा येतो. दोन्ही होतं. भीतीने जोड लपवला आणि हेव्याने तो तिला दिला. मी म्हणू शकते, की मला वाटलं ती इतकी चांगली खेळते, ती निभावून नेईल. असं मला वाटलं नव्हतं. मला ती पडायला हवी होती. जन्मभर नाही — थोडीशी, एखादा दिवस. पण पडायला हवी होती.

दुर्गाने काय केलं सांगते. तिने पिशवीतून कुंकवाची डबी काढली. मळ्यात नवं अवजार आलं की पुजल्याशिवाय वापरायचं नाही, ही त्यांच्या घरची रीत, आणि तिने ती एवढ्या उंचीवरही सोडली नव्हती. सकाळी नुसता हाती आला तो जोड घातला होता; हा आता तिचा, म्हणून दोन्ही बुटांच्या टोकांवर तिने कुंकवाचं बोट लावलं, कपाळ टेकवलं आणि मग पायात घातले. मी शेजारी बसून माझ्या नाड्या बांधत होते.

ती उभी राहिली आणि पडली. उठली, एक पाय रेटला, पडली. आम्ही बाकीच्या हळूहळू उभ्या राहायला लागलो होतो. दुसऱ्या दिवशी सरकायला लागलो, तिसऱ्या दिवशी वळायला. दुर्गा फळी धरून उभी. फळी सोडली की पाय बाहेर सटकायचा आणि ती कोपरावर यायची. तिची कोपरं काळीनिळी झाली होती. आधी मुली तिला हात द्यायच्या, मग चिडवायला लागल्या — नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. वाईट मनाने नाही, संघात चालतं तेवढंच. सर मात्र बुचकळ्यात. त्यांनी हिच्या भरवशावर सगळ्यांना इथवर आणलं होतं. एकदा ते म्हणाले, “दुर्गा, जोड बदलून पाह्य बरं. प्रतिभाचा घाल.”

प्रतिभा म्हणजे मी; मी नाड्या सोडायला वाकलेच नाही. पण दुर्गाच म्हणाली, “नाई सर. पुजलेलं अवजार बदलत नाईत. दोष अवजाराले देऊ नाई, असं बाबा म्हंतात.”

“बरोबर हाय तिचं, सर,” मी म्हणाले. हो, असं मी म्हणाले. कोणी विचारलं नव्हतं तरी म्हणाले.

पहिल्या सामन्याच्या सकाळी ती माझ्याजवळ येऊन बसली. एक बूट काढून तिने माझ्या मांडीवर ठेवला. बोटं थंडीने लाल झालेली.

“प्रतिभे, पाह्य ना जरा. धार तं इळ्यासारखी हाय, मंग मी काऊन घसरून राह्यली? बुटातच काई हाय काय वं?”

तिने ओळखलंच होतं. विळ्यासारखी — हा शब्द तिने वापरला. बर्फाच्या पात्याला कशी धार असते हे तिने कधी बघितलंच नव्हतं, म्हणून एक पाऊल अलीकडे राहिली. ते एक पाऊल मी तिला टाकू देऊ शकले असते. तेव्हाही उशीर झालेला नव्हता. शेड पलीकडेच होती, मशीन चालू होतं, त्याची घरघर आम्हा दोघींना ऐकू येत होती.

मी बूट हातात घेतला. त्या शेडवाल्यासारखा एक डोळा मिटून बघितला. अंगठाही फिरवला — मला सगळं आठवतं. आणि म्हणाले, “बुटात काई नाई. तू भेऊन राह्यली, दुर्गे.”

ती म्हणाली, “असंन वं.” आणि बूट घेऊन नाड्या बांधायला लागली.

बस, एवढंच. ज्यासाठी मी तुम्हाला बसवून ठेवलं ते हे. जोड बिघडवला, लपवला, तिला दिला — यातलं काहीही मी एखाद्या वेळी दुसऱ्या कोणाच्या अंगावर ढकलू शकेन, वयावर, थंडीवर, सरांच्या धाकावर. पण तिने विश्वासाने विचारलं आणि मी तिला सांगितलं, की दोष तुझ्यात आहे. आणि तिने तो घेतला. मैत्रिणीने दिला म्हणून घेतला.

पुढचं भराभरा सांगते, त्यात लपवण्यासारखं काही उरलेलं नाही. सरांनी दुर्गाला बाकावर बसवलं. पहिले दोन सामने आम्ही सपाटून हरलो. समोरच्या मुली बर्फातच वाढलेल्या. तिसरा सामना आमच्यासारख्याच उन्हातल्या एका संघाशी पडला आणि तो आम्ही जिंकलो. गोल मी मारला. चकती माझ्या काठीला लागून आपोआप आत गेली म्हटलं तरी चालेल, पण गोल तो गोल. बाकावरून सर्वांत मोठ्याने ओरडत होती ती दुर्गा. मला मिठी मारायला ती फळीवरून वाकली, आणि मी तिच्या पाठीवर थोपटलं.

खामगावला आमचा सत्कार झाला. मी भाषण केलं. भाषणात एक वाक्य टाकलं, की बर्फावर चाकांची कला चालत नाही, तिथे काळीज लागतं. टाळ्या पडल्या. दुर्गाचे वडील मागच्या रांगेत टोपी मांडीवर घेऊन बसले होते. त्यांनी ते ऐकलं. पुढच्या लग्नसराईत दुर्गाचं लग्न झालं. मी आहेर घेऊन गेले होते. चोर तो चोर, वर शिरजोर.

त्या गोलाच्या जोरावर मी राज्याच्या शिबिरात गेले, प्रमाणपत्र मिळालं, आणि त्याच राखीव जागेतून आज शाळेत खेळाची शिक्षिका आहे. सरांचं गणित बरोबर निघालं. फक्त त्यांनी मांडलेल्या गणितात पहिलं नाव दुसरं होतं.

तुम्ही म्हणाल, दुर्गाचं वाईट झालं का? तसं नाही. ती खामगावातच आहे. बाजार समितीत नवऱ्याबरोबर भाजीचा ठोक धंदा करते, आणि भल्याभल्या अडत्यांना तिच्यापुढे भाव बोलताना दोनदा विचार करावा लागतो. दिवाळीला माझ्याकडे फराळाचा डबा येतो, माझा तिच्याकडे जातो. पण ती स्कूटी चालवत नाही. भरधाव चाकांवरून एका टाचेवर थांबणारी बाई नवऱ्याच्या मागे दोन्ही हातांनी सीट धरून बसते. मी एकदा विचारलं, तर म्हणाली, “मले तोल नाई वं. तुले तं माहीत हाय.”

मला माहीत आहे, असं ती म्हणाली. त्या दिवशी मी चहा टाकायला उठले.

तिची मुलगी तन्वी आता माझ्याकडे येते. शाळेच्या आवारात सिमेंटचं मैदान करून घेतलं आहे, तिथे रविवारी मी मुलींना चाकांवरची हॉकी शिकवते. तन्वी थांबते कशी सांगू? जागच्या जागी, अर्धी गिरकी घेऊन. मी शिकवलेलं नाही. मी तोंड फिरवून शिट्टी वाजवते, दुसरं काय करणार.

यंदा त्याच डोंगरात मुलींचं शिबिर आहे. शाळेने बर्फावरचे नवे बूट घेतले आहेत. तन्वीच्या मापाचा जोडही आलाय. गेल्या रविवारी दुर्गा तिला सोडायला आली तेव्हा मी विषय काढला. मुलीसमोर ती मला मॅडम म्हणते.

“मॅडम, चाकावर खेळवा तिले किती बी. बर्फावर नाई धाडाची मी.” मग तन्वीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, “आमच्या रक्तातच भ्याव हाय. मी भोगलं ते पोरीनं कायले भोगाचं?”

तन्वी खाली बघून नाडी सोडून पुन्हा बांधायला लागली. त्या सकाळी आईने बांधली, अगदी तशीच.

मी घरी आले आणि माळ्यावरून ती पिशवी काढली. संघ बंद पडल्यावर कॉलेजने जुनं सामान मोडीत काढलं, तेव्हा हा जोड मी मागून आणला होता. का आणला? पुरावा नाहीसा करायला आणला, असं तेव्हा वाटलं होतं. पण टाकताही आला नाही. पात्यांवर पुन्हा गंज चढलाय. कातडं भेगाळलंय. बुटांच्या टोकांवर कुंकवाचा डाग आहे, तांबूस, जवळून बघितलं तरच दिसणारा.

उद्या रविवार. लिलाव उरकून दुर्गा तन्वीला सोडायला येईल. माझ्या पिशवीत आता दोन जोड आहेत, हा आणि तन्वीसाठी आलेला नवा. दोन्ही मी तिच्या हातात देणार आहे. दुर्गा कोणतीही वस्तू आधी अंगठ्याने बघते. काकडी असो की काकडी कापायची सुरी. दोन्ही पात्यांवरून तिचा अंगठा फिरला की तिला कोणी काही सांगायची गरज उरणार नाही.

पण ते अंगठ्याने कळायच्या आधी माझ्या तोंडून कळलं पाहिजे. तन्वीसमोर, कारण खोटं तिच्यापर्यंतही पोचलेलं आहे. वाक्य मी ठरवून ठेवलंय, आणि इकडचं तिकडचं काही जोडायचं नाही असंही ठरवलंय. मी लहान होते, थंडी होती, सर कडक होते — यातलं काही नाही. माफीसुद्धा मागणार नाही. माफी मागितली की समोरच्याला काहीतरी द्यावं लागतं, आणि तिच्याकडून मी घेतलं ते पुरे झालं. सरांनाही सांगायचं आहे, ते अकोल्याला असतात. पण आधी तिला.

दुर्गे, तू भेली नव्हती. बुटाची धार मी बिघडवली होती, आणि तू विचारलं तेव्हा मले माहीत होतं.

एवढंच म्हणून मी तिथेच उभी राहणार आहे. ती बोलेल, की गप्प बसेल, की तन्वीचा हात धरून फाटकाबाहेर निघून जाईल, ते तिने ठरवायचं. चहा टाकायला मी उठणार नाही.